ज्या इंटरनेटसाठी मी पैसे देत होतो, ते उरलंय का?

पत्राचा सारांश

पत्रलेखक पन्नाशीच्या आसपासचे आहेत. इंटरनेट नवं होतं तेव्हा ते ऐन उमेदीत होते. कामापुरतं आणि कामाबाहेरचं जे काही ते शिकले, त्यातलं बरंचसं अनोळखी माणसांनी फुकट लिहून ठेवलेल्या मजकुरातून शिकले. त्या ऋणाची फेड म्हणून बऱ्याच वर्षांपासून ते तीन संस्थांना दरमहा देणगी देतात: विकिपीडिया चालवणारं विकिमीडिया फाउंडेशन, जुनी वेबपानं जतन करणारं इंटरनेट अर्काइव्ह आणि, फायरफॉक्स हा ब्राउझर टिकावा म्हणून, मोझिला फाउंडेशन. शिवाय समाजमाध्यमांवर दिसणाऱ्या उपचारखर्चाच्या आवाहनांनाही अधूनमधून हातभार लावतात.

अलीकडे त्यांचं बँकेचं कार्ड बदललं. तिन्ही संस्थांकडून 'नवा कार्ड क्रमांक भरा' असे मेल आले आणि त्यांच्या लक्षात आलं, की तो भरायची इच्छाच होत नाहीये. ते लिहितात: "काही शोधायला जावं तर आधी जाहिराती आणि मग यंत्राने लिहिलेला भुसा. माणसं बोलायची त्या जागा बंद पडल्या, उरल्या तिथे भांडणं. मी स्वतः विकिपीडियावर लेख लिहिले, छायाचित्रं दिली. ती एआय कंपन्यांनी गिळली. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय. त्यात कळलं, की बॅनर लावून पैसे मागणाऱ्या फाउंडेशनकडे कोट्यवधी डॉलर शिल्लक आहेत. आणि ज्या आजारी मुलासाठी मी पैसे पाठवले, ते आवाहनच खोटं निघालं. पत्नी म्हणते, इंटरनेटला देतोस ते एखाद्या रुग्णालयाला दे. तिचं पटतं, पण तिथे दिलं की दिल्यासारखं वाटत नाही. मी कंजूष झालोय, की शहाणा?"

उत्तर

कंजूष नक्कीच नाही. कंजूष माणूस कार्ड बदललं म्हणून मनातल्या मनात हसतो आणि मेल पुसून टाकतो. असं लांबलचक पत्र लिहायला बसत नाही. शहाणे झालात का, ते मात्र मला अजून ठरवता आलेलं नाही. कारण तुमच्या पत्रात चार वेगवेगळी दुखणी एकाच गाठोड्यात बांधली गेली आहेत आणि सगळ्यांवर तुम्ही एकच औषध सुचवताय, देणं बंद करण्याचं.

तुमची पहिली तक्रार पुन्हा वाचा. शोधयंत्र जाहिरातींनी भरलंय, समाजमाध्यमांवर भांडणं आहेत, जुन्या जागा बंद पडल्या. सगळं खरं. पण यातल्या कोणाला तुम्ही कधी देणगी दिली होती? शोधयंत्र जाहिरातींवर चालतं, समाजमाध्यमंही जाहिरातींवरच चालतात. तुमचा राग आहे त्यांच्यावर आणि पैसे थांबणार आहेत भलत्यांचे. ज्यांनी जागा बिघडवली त्यांना तुमच्या कार्डाची मुदत संपल्याचा पत्ताही लागणार नाही. तुमच्या निर्णयाचा फटका बसेल तो त्यांना, ज्यांनी बिघडू नये म्हणून निदान काहीतरी केलं.

तुम्ही जे गेलं म्हणता ते खरोखरच गेलंय, हे मला खोडायचं नाही. अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटर या संशोधन संस्थेने तपासून 2024 मध्ये अहवाल दिला, तेव्हा दिसलं, की 2013 साली अस्तित्वात असलेल्या वेबपानांपैकी 38 टक्के पानं दहा वर्षांनी उघडत नव्हती. जिओसिटीजवर लाखो लोकांनी हौसेने घरगुती पानं बांधली होती. मालक असलेल्या याहूने 2009 मध्ये ती सेवा बंद केली आणि बरंच काही वाचलं ते फक्त धावत जाऊन प्रती करून ठेवणाऱ्या स्वयंसेवकांमुळे. गूगल रीडर 2013 मध्ये बंद झाला आणि आपण निवडलेल्या लेखकांना आपल्या क्रमाने वाचण्याची अनेकांची सवयच मोडली. या यादीत एक गोष्ट सारखी दिसते. ज्या जागा कंपनीच्या मालकीच्या होत्या, त्या कंपनीचा हिशेब बदलला तशा गेल्या. तुमच्या देणगीवर चालणारं विकिपीडिया 2001 पासून आणि अर्काइव्ह 1996 पासून जागेवर आहे. तुम्हाला झालेल्या दुःखातून निघणारा निष्कर्ष, माझ्या मते, तुम्ही काढलाय त्याच्या बरोबर उलटा आहे.

पण एवढ्यावरून 'भरा कार्ड क्रमांक' असं मी म्हणणार नाही. कारण तुमच्या देण्यातही एक गफलत आहे. 'फेड' हा तुमचाच शब्द. इंटरनेटने मला दिलं, मी इंटरनेटला परत देतो. पण इंटरनेट नावाचा सावकार कुठेही बसलेला नाही. तुम्हाला जे मिळालं ते विशिष्ट माणसांकडून मिळालं आणि पैसे जातात ते विशिष्ट संस्थांकडे, त्यांच्या विशिष्ट कामांसाठी. मधली ही पायरी तुम्ही कधी उतरून पाहिली नसावी. भावना मोठी होती, म्हणून पावतीवर काय लिहिलंय ते पाहायचं राहून गेलं.

मोझिलाचंच घ्या. फायरफॉक्स टिकावा म्हणून तुम्ही देत आलात. पण फायरफॉक्स बनवते मोझिला कॉर्पोरेशन ही फाउंडेशनच्या मालकीची कंपनी आणि तिचं बहुतांश उत्पन्न शोधयंत्रांशी केलेल्या करारांतून येतं, त्यातही मुख्यतः गूगलकडून. फाउंडेशनला दिलेल्या देणग्या ब्राउझरच्या बांधणीवर खर्च होत नाहीत. त्या जनजागृती, धोरणांचा पाठपुरावा, इतर प्रकल्पांना साहाय्य अशा कामांसाठी असतात. ही कामं वाईट नाहीत. पण इतकी वर्षं तुम्ही ज्यासाठी देतोय असं समजत होतात, त्यासाठी ते नव्हते. त्याच घरातला थंडरबर्ड हा मेल वाचण्याचा प्रोग्राम मात्र मुख्यतः वापरकर्त्यांच्या देणग्यांवर चालतो. तुम्ही तो वापरत असाल तर तिथे तुमचा पैसा आणि तुमचा हेतू एकत्र येतात. वापरत नसाल, तर मोझिलाची मासिक देणगी बंद करायला तुम्हाला माझ्या परवानगीची गरज नाही.

आता विकिमीडिया. राग आलाय तो इथेच जास्त, हे पत्रावरून दिसतं. आकडे लपवलेले नाहीत, संस्था ते दरवर्षी प्रसिद्ध करते. जून 2023 ला संपलेल्या वर्षात फाउंडेशनचं उत्पन्न सुमारे 18 कोटी डॉलर होतं आणि खर्च सुमारे 17 कोटी. सर्व्हर चालवण्याचा थेट खर्च त्यात जेमतेम 31 लाख डॉलर. पगारांवर 10 कोटींहून जास्त. वर्षअखेरीची निव्वळ मालमत्ता 25 कोटी डॉलरच्या पुढे. याशिवाय एक वेगळा कायम निधी आहे, त्याने 10 कोटी डॉलरचं उद्दिष्ट 2021 मध्येच गाठलं.

हे आकडे पाहून बहुतेक लोक दोनपैकी एका टोकाला जातात. एक म्हणतो, 31 लाखांत काम होतं तर बाकीचा पैसा उडवला. हे चूक आहे. सर्व्हर म्हणजे विकिपीडिया नव्हे. शेकडो भाषांत चालणाऱ्या ज्ञानकोशाचं सॉफ्टवेअर कोणीतरी लिहावं लागतं, हल्ले परतवावे लागतात, लेख आवडला नाही म्हणून संपादकांना कोर्टात खेचणाऱ्यांशी लढायला वकील लागतात. संस्थेचा 'वरखर्च' कमी म्हणजे संस्था चांगली, हा समज इतका पसरला होता, की 2013 मध्ये अमेरिकेतल्या धर्मादाय संस्थांची माहिती आणि मानांकनं देणाऱ्या तीन प्रमुख संस्थांनी, गाइडस्टार, चॅरिटी नेव्हिगेटर आणि बीबीबी वाइज गिव्हिंग अलायन्स यांनी, देणगीदारांना उघड पत्र लिहून हे एकच मोजमाप वापरू नका असं सांगितलं. ज्यांनी स्वतः ते मोजमाप लोकांच्या हाती दिलं होतं त्यांनीच हे लिहिलं, म्हणून मला ते विशेष वाटतं.

दुसरं टोक: एवढं चांगलं काम आहे, मग प्रश्न कशाला विचारायचे? हेही मला मान्य नाही. दीड वर्षाच्या खर्चाइतका पैसा हाताशी असणं हे जबाबदार संस्थेचं लक्षण आहे. पण तो असताना 'आम्ही उद्या राहू की नाही' असा सूर लावून मागणं हे सरळ नाही. तुम्हाला टोचला तो आकडा नसावा, सूर असावा, असा माझा अंदाज. आपल्याला घाबरवून आपल्याकडून पैसे काढले गेले, हे कळल्यावर दिलेल्या पैशाचीच चव जाते. म्हणून विकिमीडियाबाबत माझं मत असं: तुम्ही थांबलात तर विकिपीडिया बंद पडणार नाही. चालू ठेवलंत तर पैसा वायाही जाणार नाही. संस्थेचा बराचसा पैसा छोट्या छोट्या देणग्यांतूनच येतो आणि त्यामुळेच ती कुठल्या एका बड्या धनिकाच्या किंवा जाहिरातदाराच्या तालावर नाचत नाही. हा एक मुद्दा मला चालू ठेवण्याच्या बाजूने वजनदार वाटतो. पण निकड म्हणाल, तर ती इथे नाही.

निकड अर्काइव्हकडे जास्त आहे. प्रकाशकांनी पुस्तकांच्या डिजिटल उसनवारीवरून घातलेला खटला ते सप्टेंबर 2024 मध्ये अपिलातही हरले आणि पाच लाखांवर पुस्तकं उसनवारीतून काढावी लागली. पुढच्याच महिन्यात त्यांच्यावर सायबर हल्ला झाला, तीन कोटींहून जास्त खात्यांची माहिती चोरीला गेली, काही दिवस संकेतस्थळच बंद. त्या खटल्यात अर्काइव्हची बाजू बरोबर होती की नाही, यावर लेखकांमध्येही दोन तट आहेत आणि तुमचं मत प्रकाशकांच्या बाजूचं असेल तर तेही देणगी थांबवण्याचं रास्त कारण आहे. पण तुमचं दुःख 'जुनं सगळं नाहीसं होतंय' हे असेल, तर त्या दुःखावर रोज काम करणारी ही जागा आहे. तिन्हींतलं एकच कार्ड भरा असं म्हणायची वेळ आली, तर मी हे म्हणेन.

एआयबद्दल. पीठ कुत्र्याने खाल्लं ही तुमची उपमा मला थोडी तपासावीशी वाटते. पीठ खाल्लं की संपतं. तुमचा लेख कंपनीने वाचला म्हणून तो दुसऱ्या वाचकाला कमी पडला नाही, तो अजून तिथेच आहे. शिवाय विकिपीडियावर लिहिताना तुम्ही जो परवाना मान्य केला, त्यात कोणीही, अगदी व्यावसायिक कारणासाठीही, मजकूर वापरावा, याला संमती होती. त्यामागचा विचारही चांगला होता: शाळेने छापावं, वर्तमानपत्राने घ्यावं, कोणी पुस्तक काढावं. यंत्राला शिकवण्यासाठी सगळंच एकदम उचललं जाईल हे तेव्हा तुमच्या मनात नव्हतं आणि परवाना लिहिणाऱ्यांच्याही नसावं.

तरी तुमचं दुखणं खोटं ठरत नाही. त्याच परवान्यात दोन अटी होत्या: श्रेय द्या आणि त्यातून काही घडवलंत तर तेही तसंच खुलं ठेवा. यंत्राच्या उत्तरात तुमच्या नावाचा मागमूस नसतो. कायद्याने या अटी तिथे लागू होतात की नाही याचा वाद सुरू आहे. पण माणूस म्हणून 'निदान नाव तरी घ्या' हे म्हणण्याचा तुमचा हक्क कोणी नाकारू शकत नाही. आणि पीठ संपत नसलं तरी जातं झिजतंच. विकिमीडियाने एप्रिल 2025 मध्ये सांगितलं, की जानेवारी 2024 पासून छायाचित्रं-चित्रफिती उतरवून घेण्याचा भार 50 टक्क्यांनी वाढला, मुख्यतः यंत्रांमुळे. त्यांच्या सर्वांत खर्चिक वाहतुकीपैकी 65 टक्के बॉट्सची, म्हणजे आपोआप पानं उचलणाऱ्या प्रोग्रामची असते. पानं पाहिली जाण्यात मात्र बॉट्सचा वाटा सुमारे 35 टक्के. त्याच वर्षी पुढे त्यांनी हेही नोंदवलं, की माणसांच्या भेटी सुमारे 8 टक्क्यांनी घटल्या आहेत, कारण उत्तर आधीच कुठेतरी मिळालेलं असतं. म्हणजे खर्च वाढवणारे वाढताहेत आणि देणगी देऊ शकणारे कमी होताहेत.

आता यावरून तुम्ही द्यायचं की थांबायचं? प्रामाणिक उत्तर असं, की या वस्तुस्थितीतून दोन्ही निघतं. कोणी म्हणेल, भार कंपन्यांमुळे वाढला तर बिल कंपन्यांनी भरावं. त्यासाठी 2021 पासून विकिमीडिया एंटरप्राइज नावाची सशुल्क सेवा आहेही आणि गूगल तिचं गिऱ्हाईक आहे. दुसरा म्हणेल, जिथून यंत्रं शिकतात तो झरा माणसांनीच जिवंत ठेवायला हवा. मी दुसऱ्या बाजूला थोडी जास्त झुकते. पण तुम्ही आजवर वेळ दिलात, लेख दिलेत, चित्रं दिलीत. पैशाच्या देणगीवरून स्वतःला अपराधी ठरवण्याआधी हेही खात्यात जमा करा. या जागेला तुमच्या रकमेपेक्षा तुमच्यासारखा दुसरा संपादक मिळणं दुर्मिळ आहे आणि तुमचं लिहिणं थांबलंय का, हे पत्रात तुम्ही सांगितलेलंच नाही. थांबलं असेल, तर ते कार्डापेक्षा मोठं नुकसान समजा.

तुमच्या यादीत ज्यांचं नावच नाही, त्यांच्याबद्दल आता बोलते. मला त्यांची जास्त काळजी वाटते. ज्या संस्थांना बॅनर लावता येतात त्या आपल्याला दिसतात. इंटरनेटचा बराच भार मात्र अशा लोकांच्या खांद्यावर आहे, ज्यांचं नाव आपण कधी ऐकलेलं नसतं. बँकेपासून मेलपर्यंत सगळीकडची देवाणघेवाण गुप्त ठेवणाऱ्या ओपनएसएसएल या सॉफ्टवेअरमध्ये 2014 मध्ये 'हार्टब्लीड' नावाची भयंकर त्रुटी सापडली. तेव्हा जगाला कळलं, की निम्म्या इंटरनेटने डोळे मिटून भरवसा ठेवलेल्या या प्रकल्पाला वर्षाला सुमारे 2,000 डॉलर देणग्या मिळत होत्या आणि त्यावर पूर्णवेळ काम करणारा माणूस एकच होता. दहा वर्षांनी, मार्च 2024 मध्ये, एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या साधनात कोणीतरी मुद्दाम चोरवाट घुसवल्याचं उघड झालं. ते साधन बराच काळ एकटा माणूस फावल्या वेळात सांभाळत होता. थकलेल्या त्या माणसावर 'काम लवकर का होत नाही' म्हणून दबाव आणला गेला, एका अनोळखी 'मदतनिसाने' दोनेक वर्षं इमानेइतबारे मदत करून विश्वास मिळवला आणि मग डाव साधला. सापडलं कसं? आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय, एवढंच खटकलं आणि तो खोदत गेला.

अशा ठिकाणी तुमच्या मासिक देणगीएवढी रक्कम सागरातला थेंब ठरत नाही. तुम्ही रोज जी मोफत साधनं वापरता, त्यांच्या 'माहिती' किंवा 'सहयोग' पानावर जाऊन पाहा, सांभाळणारे किती जण आहेत आणि पैसे घेण्याची काही सोय आहे का. दोघे-तिघेच असतील तर तुमची वर्गणी तिथे खरोखर जाणवेल. मात्र एक सावधगिरी. काहींना पैसा नको असतो, त्यांना हवी असते मदत: चुका नीट कळवणारा, माहितीपत्रक सुधारणारा, भाषांतर करणारा. आणि काहींना फक्त एवढंच हवं असतं, की कोणी शिव्या घालू नयेत. सुरुवात तिथून करायला खर्च येत नाही.

आता त्या आजारी मुलाचं आवाहन. याबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत आणि सगळ्या पत्रात तीच मला सर्वांत जड वाटली. फसवलं गेल्याची लाज माणूस लवकर सांगत नाही. पण तुम्ही एकटे नाही. 2017 मध्ये अमेरिकेत एका बेघर माजी सैनिकाने गाडीतलं इंधन संपलेल्या तरुणीसाठी आपले शेवटचे 20 डॉलर खर्च केले, अशी गोष्ट जगभर फिरली. त्या गोष्टीवर विसंबून सुमारे 14,000 लोकांनी चार लाखांहून जास्त डॉलर दिले. गोष्ट साफ बनावट होती. तो सैनिक, ती तरुणी आणि तिचा प्रियकर असे तिघेही त्यात सामील होते आणि तिघांनीही कोर्टात गुन्हा कबूल केला. त्या 14,000 लोकांना मूर्ख म्हणायला माझी जीभ धजत नाही. पॉल स्लोविक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2007 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत दिसलं, की भुकेल्या लाखोंची आकडेवारी वाचणाऱ्यांपेक्षा एका मुलीचं नाव आणि चेहरा पाहणाऱ्यांनी जास्त पैसे दिले. त्या मुलीच्या शेजारी खरी आकडेवारी ठेवली, तर देणं उलट कमी झालं. एका चेहऱ्याला पाझर फुटणं ही आपली जडणघडण आहे. खोटं आवाहन करणाऱ्याला ती ठाऊक असते, एवढंच.

म्हणून 'पुन्हा कधीच नाही' असं ठरवू नका; तो पाझर ज्या वेगाने पैशापर्यंत पोचतो, तो वेग कमी करा. रात्री फोनवर आवाहन दिसलं, घशात आवंढा आला, आणि झोपायच्या आत पैसे गेले, असं होऊ देऊ नका. सकाळी पाहा. रक्कम व्यक्तीच्या खात्यात जातेय की थेट रुग्णालयाच्या बिलावर, हे बघा. थेट बिलावर भरता येत असेल तर तसंच भरा. आवाहनात रुग्णालयाचं नाव असेल तर तिथल्या समाजसेवा विभागाला विचारता येतं, असा रुग्ण आहे का आणि मदत कशी घेतली जाते. तपशील ते सांगणार नाहीत, सांगूही नयेत, पण मार्ग सांगतील. आवाहनातलं छायाचित्र शोधयंत्रात टाकून ते आणखी कुठे दिसतं ते पाहा, ते आधी दुसऱ्याच नावाने फिरलेलं असणं हा अगदी नेहमीचा प्रकार आहे. आवाहनासाठी पैसे गोळा करणाऱ्या मंचावर 'टिप' म्हणून आधीच भरून ठेवलेली रक्कम शून्य करता येते का तेही पाहा. आणि आवाहन तुमच्या ओळखीतल्या माणसाने पाठवलं असेल तर त्याला एकच प्रश्न विचारा: तू या कुटुंबाला स्वतः ओळखतोस, की तुलाही ते कुणीतरी पुढे पाठवलंय? बहुतेक साखळ्या याच प्रश्नापाशी तुटतात. झालेल्या फसवणुकीची तक्रार मंचाकडे आणि पोलिसांच्या सायबर विभागाकडे केली नसेल तर अजूनही करा. वर सांगितलेल्या प्रकरणात मंचाने सगळ्या देणगीदारांचे पैसे परत केले होते.

गाजलेल्या लाटांबद्दलही सरसकट मत बनवू नका. मार्च 2012 मध्ये युगांडाच्या बंडखोर म्होरक्यावरची 'कोनी 2012' ही चित्रफीत सहा दिवसांत दहा कोटी वेळा पाहिली गेली. जगभर संताप उसळला, आणि कोनी त्यानंतरही वर्षानुवर्षं मोकळाच राहिला. 2014 मध्ये लोकांनी डोक्यावर बर्फाच्या पाण्याच्या बादल्या ओतल्या तेव्हा मलाही तो पोरखेळ वाटला होता. त्या पोरखेळातून एएलएस या मज्जातंतूंच्या आजारावर काम करणाऱ्या अमेरिकेतल्या एएलएस असोसिएशनला 11.5 कोटी डॉलर मिळाले आणि त्यातल्या पैशाचा आधार असलेल्या संशोधनातून 2016 मध्ये त्या आजाराशी संबंधित एनईके1 हे जनुक पुढे आलं. फरक कुठे पडला असावा? दुसऱ्या ठिकाणी पैसा कोणत्या कामाला जाणार आणि ते काम कोण करणार, हे आधीच ठरलेलं होतं. आवाहन उथळ आहे की गंभीर, यापेक्षा हा प्रश्न विचारणं जास्त उपयोगी पडतं.

आणि तुमच्या पत्नीचं म्हणणं. ते बरोबर आहे. तुमचं 'दिल्यासारखं वाटत नाही' हेही खरं आहे. रुग्णालय पावती देतं, गोष्ट देत नाही. देताना आपल्याला जो ऊबदार आनंद होतो, त्याला अर्थशास्त्रात गंभीरपणे घेतलं जातं. जेम्स अँड्रिऑनी यांनी 1990 च्या सुमारास त्याचा सिद्धान्तच मांडला. तो आनंद असणं पाप नाही. पण कोणाला द्यायचं हे तोच ठरवू लागला, की मग जो उत्तम गोष्ट सांगतो त्याला मिळतं आणि जो नीट काम करतो तो मागे राहतो. मी सुचवेन, की पैशाचा मोठा वाटा पत्नीच्या सल्ल्याने द्या, अगदी कोरड्या मनाने, आणि आनंद दुसरीकडून घ्या. त्यासाठी वेळ देण्यासारखं दुसरं साधन नाही. 2010 मध्ये हैतीत भूकंप झाला तेव्हा तिथल्या राजधानीचा कामाचा नकाशा जवळजवळ नव्हता. जगभरातल्या स्वयंसेवकांनी घरी बसून, उपग्रहाची चित्रं पाहून, ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशावर रस्ते आणि छावण्या रेखाटल्या; मदत पथकांनी तो नकाशा वापरला. असं काम आजही चालू असतं आणि त्याला कार्ड लागत नाही. तुमच्या छायाचित्रं देण्याच्या आवडीशीही ते जुळेल.

व्यवहाराचं थोडं बोलते. मासिक कपात संस्थांना सोयीची असते, कारण येणारा पैसा आधी कळतो. पण तुमचा स्वभाव पाहता, तुमच्यासाठी ती विसरण्याची सोय झाली आहे. वर्षातून एक दिवस ठरवा, दोघांनी बसा, ताळेबंद उघडा, आणि प्रत्येक नावापुढे एकच प्रश्न विचारा: आमची पुढची रक्कम आली तर तुम्ही असं काय कराल, जे नाही आली तर होणार नाही? ज्याचं उत्तर सापडत नाही त्याला या वर्षी नाही. बॅनर, मेल, फॉरवर्ड यांना त्या दिवसाखेरीज पैसे देऊ नका. थोडी रक्कम मात्र अचानक येणाऱ्या, स्वतः ओळखत असलेल्या माणसाच्या अडचणीसाठी बाजूला असू द्या.

जिथे थांबाल, तिथे गुपचूप थांबू नका. कार्ड संपून देणगी बंद पडली, तर संस्थेच्या नोंदीत ती तांत्रिक गळती म्हणून जाते आणि आणखी आठवण-मेल पाठवायचे, एवढाच धडा ती त्यातून घेते. चार ओळी लिहा: इतकी वर्षं देत होतो, अमुक कारणाने थांबतोय, अमुक बदललं तर परत येईन. विकिमीडियाला लिहिताना बॅनरच्या सुराबद्दल स्पष्ट लिहा. नोव्हेंबर 2022 मध्ये इंग्रजी विकिपीडियाच्या स्वयंसेवी संपादकांनी चर्चा करून, ठराव करून फाउंडेशनला सांगितलं, की हा मजकूर दिशाभूल करणारा आहे, आमच्या पानांवर तो नको. पैसे कमी जमतील हे ठाऊक असूनही फाउंडेशनला मजकूर बदलावा लागला. तुम्ही देणगीदारही आहात आणि संपादकही, तेव्हा तुमच्या चार ओळी दोन्ही दारांतून आत जाऊ शकतात.